कोणती प्रत पाहिलीत?

आपल्या साहित्यिक वर्तुळांत अलीकडे एक नवा समीक्षाप्रकार रुजला आहे. त्याला अद्याप नाव मिळालेले नाही, म्हणून तूर्त त्याला ‘दिवाणखानी समीक्षा’ म्हणू. तिची पद्धत सोपी आहे. रात्रीचे जेवण आटोपले की लॅपटॉपवर किंवा भिंतीवरच्या टीव्हीवर एखादा जुना चित्रपट लावायचा, मध्ये दोनदा फोन घ्यायचा, रेंगाळणारा भाग पुढे ढकलायचा, आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये चहाच्या कपाबरोबर निकाल द्यायचा. ‘मेट्रोपोलिस’? विस्कळीत. ‘सोलारिस’? फारच संथ. ‘स्टार ट्रेक’? अहो, पुठ्ठ्याचे खडक! ‘डॉक्टर हू’? पोरखेळ. शेवटी सगळ्यांना पुरून उरणारा एकच शब्द: जुनाट.

घरी बसून चित्रपट पाहण्याला या लेखाचा विरोध नाही, हे आधीच सांगितलेले बरे. आपल्यापैकी बहुतेकांनी जागतिक चित्रपट घरीच पाहिला आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांना दुसरा मार्गही नव्हता. दमून आलेल्या माणसाने मनाला येईल ते मत द्यावे, यालाही हरकत असण्याचे कारण नाही. हरकत आहे ती एवढीच, की संहितेची शिस्त ज्यांनी पोटापाण्यासाठी शिकली, तीच मंडळी पडदा समोर आला की ती शिस्त खुंटीला टांगतात आणि तरीही आपल्या मताला समीक्षेचे वजन मागतात. ज्ञानेश्वरीतली एखादी ओवी उद्धृत केली, तर आपण लगेच विचारतो: राजवाडे प्रत की साखरे प्रत? महाभारतावर कोणी बोलू लागला, तर भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीत तो श्लोक आहे का, हे पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. १९१९ साली सुरू झालेले ते काम १९६६ साली पुरे झाले, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. मग जुन्या चित्रपटाबद्दल बोलताना पहिला प्रश्न हाच का नसावा, की आपण कोणती प्रत पाहिलीत?

‘मेट्रोपोलिस’चे उदाहरण घेऊ. फ्रिट्झ लांगचा हा मूकपट जानेवारी १९२७मध्ये बर्लिनला पहिल्यांदा दाखवला गेला तेव्हा तो सुमारे अडीच तासांचा होता. त्यानंतर वितरकांच्या कात्र्या चालल्या आणि जवळपास चौथा हिस्सा गेला. कापलेल्या भागात हेल नावाच्या मृत स्त्रीचा धागा होता. शहराचा सत्ताधीश आणि यंत्रमानव घडवणारा संशोधक या दोघांचेही तिच्यावर प्रेम होते. हा धागा अमेरिकन प्रतीतून गेला, कारण ते नाव इंग्रजीत नरकाच्या शब्दासारखे ऐकू येते. आता हेल गेल्यावर त्या संशोधकाला यंत्राला स्त्रीचाच देह का द्यावासा वाटतो, आणि त्याचा द्वेष एवढा खोल का आहे, हे प्रेक्षकाला कळावे कसे? १९८४ साली जॉर्जो मोरोडर यांनी जेमतेम दीड तासाची, रंगछटा दिलेली आणि पॉप संगीताची जोड असलेली आवृत्ती काढली. पुष्कळांनी ‘मेट्रोपोलिस’ म्हणून पाहिला तो हाच. २००८मध्ये ब्यूनोस आयर्सच्या संग्रहालयात १६ मिलिमीटरची, ओरखड्यांनी भरलेली पण जवळजवळ पूर्ण अशी प्रत सापडली, आणि २०१०मध्ये सुमारे २५ मिनिटांचा गमावलेला भाग पुन्हा जोडून चित्रपट बर्लिनला दाखवला गेला. म्हणजे ‘कथानक विस्कळीत आहे’ हा निकाल कित्येक दशके वितरकाच्या कात्रीवर दिला जात होता आणि लांगच्या नावावर जमा होत होता.

याचा अर्थ पूर्ण प्रत पाहिली की चित्रपट निर्दोष ठरतो, असा नाही. मेंदू आणि हात यांच्यात हृदयाने मध्यस्थी करावी, हे त्याचे तात्पर्य पूर्ण प्रतीतही भाबडेच राहते. पुढे खुद्द लांगलाही ते पटेनासे झाले होते. एच. जी. वेल्सने तर १९२७ सालीच या चित्रपटावर सडकून टीका केली. पण त्याचा मुद्दा पाहा. यंत्रांची संस्कृती वाढली की कष्टकऱ्यांचे तांडे वाढत नाहीत, उलट अकुशल हात निरुपयोगी ठरत जातात; तेव्हा चित्रपटातले अर्थशास्त्रच चुकीचे आहे, असे त्याचे म्हणणे होते. वेल्सचे म्हणणे मान्य करा अथवा नाकारा. त्याच्याशी वाद घालता येतो. ‘जुनाट वाटला’ या वाक्याशी वाद घालता येत नाही, कारण ते चित्रपटाविषयी काहीच म्हणत नाही.

पाठभेदांचा हा घोळ मूकपटांपुरता नाही. ‘ब्लेड रनर’मधले निवेदन कंटाळवाणे आहे असे एकजण म्हणतो आणि दुसरा विचारतो, कसले निवेदन? दोघेही खरे बोलत असतात. एकाने १९८२ची प्रदर्शित आवृत्ती पाहिली, दुसऱ्याने २००७ची अंतिम. ‘स्टार ट्रेक’ ही मालिका १९६६ ते १९६९ या काळातली, ७९ भागांची. २००६पासून तिची नवसंस्कारित आवृत्ती आली. तीत मूळ प्रतिकृतींवर चित्रित केलेली अंतराळयानाची दृश्ये काढून तेथे संगणकावर बनवलेली दृश्ये बसवण्यात आली. आज पुष्कळ ठिकाणी हीच आवृत्ती समोर येते. तेव्हा ‘त्या काळाच्या मानाने इफेक्ट्स बरे आहेत’ असे कौतुक करणारा आपला सहकारी बऱ्याचदा २००६चे काम पाहून १९६६ला शाबासकी देत असतो. पोथ्यांच्या भाषेत याला प्रक्षेप म्हणतात. प्रक्षेपावरून मूळ कवीची शैली ठरवणाऱ्या विद्यार्थ्याला आपण किती गुण देऊ?

प्रतीनंतर प्रश्न येतो पडद्याचा, आणि इथे दिवाणखानी समीक्षेची सर्वांत मोठी गंमत आहे. ती चित्रपट आणि दूरचित्रवाणी या दोहोंना एकाच सोफ्यावरून, एकाच पडद्यावर मोजते. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ हा १९६८चा चित्रपट सिनेरामाच्या अवाढव्य वक्राकार पडद्यांसाठी, ७० मिलिमीटर फितीवर केलेला. त्यातली अंतराळयाने संथपणे सरकतात, कारण प्रेक्षकाची नजर त्या पडद्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरायला वेळ लागतो, आणि तो फिरण्याचा वेळ हाच अनुभव आहे. १५ इंची लॅपटॉपवर सारे चित्र एका दृष्टिक्षेपात मावते; मग उरलेल्या वेळात पाहायचे काय, असे वाटणारच. इथे घरच्या पडद्याने चित्रपट लहान केला.

उलट ‘डॉक्टर हू’ घ्या. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी बीबीसीवर सुरू झालेली ही मालिका मुळी दिवाणखान्यासाठीच घडवलेली होती: ४०५ रेषांचे कृष्णधवल चित्र, लहानसा पडदा आणि त्याभोवती शनिवारच्या संध्याकाळी बसलेले कुटुंब. त्या धूसर चित्रात भिंतीचा सांधा दिसत नसे, रबरी मुखवट्याची शिवण दिसत नसे. आज आपण तेच चित्र भिंतभर मोठे करून, साफसूफ करून पाहतो आणि शिवण दिसली म्हणून हसतो. ज्या मालिकेला घरातच पाहायचे होते, तिलाच आपण घरात पाहून अन्याय करतो, कारण आपले घर आता ते राहिलेले नाही. भर म्हणून चौकोनी चित्र आडव्या टीव्हीवर ताणून बसवलेले असते; सगळ्यांचे चेहरे फुगलेले, आणि रिमोटवरचे एक बटण दाबायचा कंटाळा. मूकपटातली माणसे तुरुतुरु का चालतात यावर हसणाऱ्यांचेही तेच. त्यांतले पुष्कळ चित्रपट सेकंदाला १६ ते २० चौकटींच्या वेगाने चित्रित झाले आणि पुढे २४ चौकटींच्या वेगाने दाखवले गेले. तेव्हा आपण हसतो ते प्रक्षेपकाच्या वेगाला. माणसे त्या काळीही आपल्यासारखीच चालत होती.

‘संथ’ या शब्दाचा समाचार स्वतंत्रपणे घ्यायला हवा, कारण तो सर्वांत सभ्य दिसतो आणि म्हणून सर्वांत जास्त खपतो. संथ म्हणजे कशाच्या तुलनेत? ‘डॉक्टर हू’चा एक भाग २५ मिनिटांचा असे आणि पुढचा आठवड्याने. शेवटी नायक संकटात, पुढच्या भागाच्या आरंभी त्याच प्रसंगाची उजळणी. मध्ये सात दिवस होते. त्या सात दिवसांत मुले शाळेत तो प्रसंग खेळत असत. आज आपण सहा भाग एका बैठकीत संपवतो आणि म्हणतो, किती पाल्हाळ! हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी ‘करमणूक’मधून क्रमशः आली, हे आपण वर्गात सांगतो आणि तिची लांबी, तिचे वळसे, वाचकाला मध्येच हाक मारण्याची तिची लकब यांचा उलगडा त्यावरूनच करतो. हरिभाऊंना जी सवलत मिळते, ती बीबीसीच्या लेखकांना का मिळू नये? सवलत हा शब्दही चुकीचाच. हा साधा रूपविचार आहे.

‘सोलारिस’ची गोष्ट वेगळी. १९७२च्या या चित्रपटात तारकोव्हस्कीने टोकियोच्या उड्डाणपुलांवरून धावणाऱ्या मोटारीचे सुमारे पाच मिनिटांचे दृश्य ठेवले आहे. भविष्यातले शहर म्हणून तो वर्तमानातले टोकियो दाखवतो. संवाद नाही, घटना नाही. बोगदे, दिवे, वाहनांचा वाढत जाणारा गजर. रिमोट हातात असलेला प्रेक्षक हमखास पुढे ढकलतो तो हाच भाग. पण याच्या आधी पाण्यात डोलणारे शेवाळ आहे, तळ्याकाठचे घर आहे, पाऊस आहे. आणि यानंतर अवकाश. पृथ्वीवरच माणसाने स्वतःसाठी एक परका ग्रह बांधून ठेवला आहे, ही गोष्ट चित्रपट या पाच मिनिटांत सांगतो, आणि ती कळायला पाच मिनिटे बसावेच लागते. ढकलणारा प्रेक्षक थेट अवकाशस्थानकावर पोहोचतो आणि मग विचारतो की या चित्रपटात विज्ञान कुठे आहे. मूळ कादंबरीकार स्तानिस्लाव लेम यालाही हा चित्रपट आवडला नव्हता. पण त्याची तक्रार अशी होती, की कादंबरीतला ज्ञानाच्या मर्यादेचा प्रश्न बाजूला सारून दिग्दर्शकाने अपराधभावनेचे घरगुती नाट्य उभे केले. ही खरी प्रतिकूल समीक्षा. ती लिहिण्यासाठी चित्रपट पाहावा लागतो.

आता पुठ्ठ्याचे खडक. ‘स्टार ट्रेक’मधले ग्रह रंगमंचासारखे दिसतात, हे मान्य. पण रंगमंचासारखे दिसणे हा दोष आहे, असे संस्कृत नाटक शिकवणाऱ्याने म्हणावे? ‘परिक्रम्य’ या एका रंगसूचनेने पात्र मंचावर फेरी मारते आणि आश्रमातून राजवाड्यात येते. दुष्यंताचा रथ अभिनयाने धावतो. घोडे दिसत नाहीत म्हणून कालिदासाला कोणी दरिद्री ठरवत नाही. आपल्या तमाशातही एका फेरीत गाव बदलते. ‘स्टार ट्रेक’चा ‘ट्रान्सपोर्टर’ हा याच जातीचा संकेत. दर आठवड्याला प्रचंड यान ग्रहावर उतरवून दाखवणे खर्चिक होते, म्हणून माणसे प्रकाशकणांत विरघळून खाली उमटू लागली. पैशांच्या चणचणीतून जन्मलेली ही युक्ती पुढे विज्ञानकथेच्या शब्दसंग्रहाचा भाग झाली. संकेत कळला नाही, तर तो प्रेक्षकाच्या वाचनातला खड्डा. त्याचे खापर खडकावर फोडू नये.

‘ढोबळ’ आणि ‘ओळखता येण्याजोगा’ ही आणखी दोन शेलकी विशेषणे. ‘द ट्वायलाइट झोन’ (१९५९ ते १९६४) या मालिकेचे शेवट आधीच ओळखता येतात, अशी तक्रार असते. येतातच, कारण पुढच्या साठ वर्षांत त्यांची असंख्य अनुकरणे झाली आणि आपण आधी अनुकरणे पाहिली. पण तिचा निर्माता रॉड सर्लिंग विज्ञानकथेकडे वळला कशासाठी? १९५५मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली. त्यावरून सुचलेले सर्लिंगचे दूरचित्रवाणी नाटक १९५६मध्ये जाहिरातदारांच्या दबावाखाली इतके बदलले गेले, की मूळ विषय ओळखू येईना. वर्तमानाबद्दल सरळ बोलता येत नाही, पण परग्रहवासीयांच्या तोंडून बोलता येते, हे त्याने ओळखले. मार्च १९६०मध्ये आलेल्या मेपल स्ट्रीटच्या कथेत एका गल्लीतली वीज जाते आणि तासाभरात शेजारी शेजाऱ्याला परग्रहवासी ठरवू लागतो. एकाचा जीवही जातो. शेवटी परग्रहवासी खरोखर टेकडीवर उभे असतात आणि त्यांनी केवळ दिवे घालवलेले असतात. हा शेवट ओळखला म्हणून टाळी मागणाऱ्याला विचारावेसे वाटते: गल्लीतला पहिला संशय नेमका कोणत्या वाक्याने सुरू झाला, ते आठवते का? कथेचा जीव तिथे आहे.

‘स्टार ट्रेक’च्या जानेवारी १९६९च्या एका भागात अर्धा चेहरा काळा आणि अर्धा पांढरा असलेले दोन शत्रू येतात. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येला तेव्हा वर्षही झाले नव्हते. रूपक ढोबळ आहे, असे आपण म्हणतो. पण त्या दोघांतला भेद काय, तर एकाची उजवी बाजू काळी आणि दुसऱ्याची डावी. यानावरच्या लोकांना तो भेद सांगितल्याशिवाय दिसत नाही; आणि पहिल्यांदा पाहणाऱ्या प्रेक्षकाच्याही तो बहुधा लक्षात आलेला नसतो. ज्या भेदासाठी एक अख्खा ग्रह जळून गेला, तो आपल्या डोळ्यांसमोर असूनही आपल्याला दिसला नव्हता! रूपक ढोबळ असेल, पण त्याने प्रेक्षकावर केलेले काम ढोबळ नाही. त्याच तिसऱ्या पर्वातला स्पॉकच्या मेंदूच्या चोरीचा भाग मात्र खुशाल टाकाऊ म्हणावा. त्यातली कल्पना पोकळ आहे आणि हाताळणी त्याहून पोकळ. जुने म्हणून ते सोने, असा या लेखाचा दावा नाही.

हे सांगणे आवश्यक आहे, कारण दिवाणखान्याच्या समोरच्या बाजूला एक देव्हाराही आहे. ‘अभिजात आहे हो’ असे म्हणून डोळे मिटणारे त्या देव्हाऱ्यापुढे बसतात. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ पाहिलेली पिढी आज महाविद्यालयांत शिकवते आहे; तिच्यातल्या काहींना त्या मालिकेत एकही दोष दिसत नाही, कारण त्यांना मालिका दिसतच नाही, आपले बालपण दिसते. जुनाट म्हणणारा आणि अभिजात म्हणणारा, दोघेही न पाहण्याची दोन निमित्ते शोधत असतात.

यावर एक आक्षेप येईल. कलाकृतीने स्वतःच्या पायावर उभे राहावे. तिला प्रती, पडदे, काळ यांच्या कुबड्या कशाला? उत्तर असे, की अशी विनाकुबडीची कलाकृती आजवर कोणी पाहिलेली नाही. टीपा आणि शब्दकोशाशिवाय आपल्यापैकी किती जण ज्ञानेश्वरी वाचतात? सामान्य प्रेक्षकाने हा व्याप करू नये, हे ठीक. पण आपण वाचण्याचा पगार घेतो, किंवा तो घेण्याची तयारी करतो आहोत.

आणि मत हलके असले, तरी त्याचे परिणाम हलके नसतात. बीबीसीने साठच्या दशकातल्या ‘डॉक्टर हू’च्या चित्रफिती पुढच्या काळात पुसून टाकल्या. फिती महाग होत्या, पुन्हा वापरता येत होत्या; पुनःप्रक्षेपणावर कलाकारांशी झालेल्या करारांची बंधने होती; आणि रंगीत चित्र आल्यावर कृष्णधवल मालिका पुन्हा कोण पाहणार, असा सार्वत्रिक समज होता. म्हणजे ‘जुनाट’ हाच निकाल, फक्त कार्यालयीन कागदावरचा. १९७८च्या सुमारास हे थांबले. परदेशी विकलेल्या फिल्मच्या प्रती शोधून पुष्कळ भाग परत मिळाले. नायजेरियात सापडलेले नऊ भाग २०१३मध्ये जाहीर झाले. तरीही नव्वदहून अधिक भागांची चित्रे कित्येक दशके बेपत्ता राहिली. पण ध्वनी मात्र त्या प्रत्येक भागाचा उपलब्ध आहे. का? कारण त्या काळी काही प्रेक्षक घरी, टीव्हीजवळ टेपरेकॉर्डर लावून बसत आणि मालिका ध्वनिमुद्रित करून ठेवत. संस्थेने जे पुसले, ते दिवाणखान्याने जपले.

आपल्याकडे असे टेपरेकॉर्डर मिळाले नाहीत. ‘आलम आरा’ (१९३१) या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १९६४मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोवर बहुतेक मूकपट नाहीसे झालेले होते. आणि जानेवारी २००३मध्ये पुण्यातच नायट्रेट फितींच्या साठ्याला आग लागून प्रभातच्या चित्रपटांच्या मूळ फितींसह मोठा ठेवा जळाला. जे गेले, त्याविषयी संथ की वेगवान, भाबडे की प्रगल्भ, असे कोणतेच मत आता देता येणार नाही. ज्या समाजात शिकलेली माणसे जुन्या चित्रपटाला एका शब्दात निकालात काढतात, तिथे तो जपण्यासाठी पैसा आणि जागा मागायला उभे कोण राहणार?

तेव्हा मागणी माफक आहे. पुढच्या वेळी एखाद्याने जुन्या चित्रपटावर किंवा मालिकेवर निकाल दिला, तर त्याला नम्रपणे विचारावे: कोणती प्रत? केवढ्या पडद्यावर? कोणत्या वेगाने, सलग की तुकड्यांनी? ती मुळात कोणासाठी आणि कशी पाहायची म्हणून केलेली होती? या चार प्रश्नांची उत्तरे देऊनही तो म्हणाला की हे काम वाईट आहे, तर त्याचे म्हणणे लक्षपूर्वक ऐकावे. कदाचित तोच बरोबर असेल. उत्तरे नसतील, तर त्याच्या हातून रिमोट काढून घेण्याची गरज नाही. फक्त त्या मताला समीक्षा म्हणू नये.